बारा मिनिटांची मशीन

बसवकल्याण
रविवार, २ मार्च २००८

चि. श्रीशैल,

सोलापूरच्या डॉक्टरांनी तुझ्या अप्पांना परवा घरी पाठवलं. आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. म्हणून हे पत्र. एरवी लिहिलं नसतं. फोन तीनदा केला, माझा आवाज ऐकून तू ठेवलास.

यकृत गेलं आहे. जुनी कावीळ अंगात राहिली होती म्हणतात. पोटात पाणी होतं, ते काढलं, पुन्हा झालं. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले, फार तर महिना. अप्पांना मी आकडा सांगितलेला नाही. त्यांनी विचारलेला नाही.

ते तुझं नाव घेतात असं मी लिहिणार नाही, कारण घेत नाहीत. बेंगळूरची बस सकाळी साडेसातला स्टँडवर येते. सव्वासातला ते मला उशी उंच करायला लावतात आणि आठला खाली करायला लावतात. एवढं मी रोज पाहते.

साडेचार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत झालं ते झालं. तू घरी जुळवलेला कॉम्प्युटर माझ्या शाळेच्या कमिटीसमोर बाराव्या मिनिटाला बंद पडला. अप्पा चार माणसांत नको ते बोलले. तू दुसऱ्या दिवशी बॅग उचललीस. बाप बोलतो. मुलानं ते आयुष्यभर धरून बसायचं नसतं.

मशीन अजून पुढच्या खोलीत आहे. अजून बारा मिनिटंच चालते.

शिवरात्रीपर्यंत ये. रजा मिळत नसेल तर साहेबांना डॉक्टरांचा कागद दाखव, सोबत प्रत जोडली आहे.

तुझी अव्वा


बसवकल्याण
गुरुवार, १३ मार्च २००८

चि. श्रीशैल,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. "मशीन मी नीट बांधली होती. हे अप्पांनी एकदा म्हणावं. मग येतो."

मरणाऱ्या माणसाकडून प्रमाणपत्र मागतोस. मी एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असा अर्ज माझ्याकडे आला नव्हता.

तू इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतलेला आहेस, म्हणून तुला समजेल अशा भाषेत लिहिते. प्रोसेसर तापायला कारणं अनेक असतात. बसवकल्याणचा उन्हाळा तुला माहीत आहे. पुढच्या खोलीवर पत्रा आहे. समोर डाळीची मिल आहे, तिचा कोंडा दिवसभर उडतो. व्होल्टेज धड नसतं. मी क्रोशाचं आवरण विणलं होतं, टीव्हीवर होतं तसंच, ते मशीन चालू असतानाही वर राहायचं. त्यात आयुधपूजेला तुझ्या अप्पांनी काय केलं ते बघायला तू होतासच. टाइपरायटरला जशी विभूती लावायचे तशीच कॉम्प्युटरला लावली, तीन बोटं भरून, आणि वर मागच्या जाळीवर चिमूटभर फुंकली. पंखा फिरत होता. आत किती गेली असेल, मोज. मी तेव्हाच म्हटलं होतं, ही राख आहे आणि आत विजेचं काम आहे. ते म्हणाले, "बाई, तुमचं सायन्स शाळेत. हितं माझं पोट हाय."

यातलं काहीही कारण असू शकतं. एकट्या माणसाला दोष देता येत नाही, त्यांना नाही आणि तुलाही नाही. हे मी माझ्या वतीनं लिहून देते. तेवढं पुरे समज.

तू गेल्यावर त्यांनी त्या मशीनवर कसं काम केलं ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. तहसीलसमोरचे बाकीचे टायपिस्ट कॉम्प्युटर घेऊन बसले. तुझ्या अप्पांना दुसरा घेणं जमलं असतं, त्यांनी घेतला नाही. कॅबिनेटचं बाजूचं पान काढून ठेवलं आणि टेबलफॅन आत रोखून लावला. दहा मिनिटं अर्ज टाइप करायचा, सेव्ह करायचा, स्वतः बंद करायचा. मग अर्धा तास थांबायचं. लोक ओट्यावर बसून राहायचे. भागाबाई वारसाची नोंद करायला आली होती, तिचा एक अर्ज चार हप्त्यांत पुरा झाला. ती रस्त्यावरून विचारायची, "अप्पा, म्हैस पान्यातून उठली का?" हे आतून म्हणायचे, "बसलीय अजून. च्या पिऊन ये जा." सगळ्या गल्लीत त्या मशीनला म्हैस म्हणतात.

सुरुवातीला निळ्या पडद्यावर तापमान दिसतं, ते बघायला तू त्यांना शिकवलं होतंस. डिलीट बटण दाबायचं. ते रोज एकदा बघायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली लिहायचे. ८८. ९१. ९४. मी विचारलं कशाला लिहिता, तर म्हणाले, "आजारी मानसाचा ताप लिहित न्हाईत का."

आता मी त्यांचा ताप लिहिते. काल १०१ होता.

तुझं पत्र आलेलं त्यांना कळलं, पोस्टमन ओरडूनच देतो. काय लिहिलंय, असं विचारलं. मी सांगितलं, कामात आहे, येतो म्हणतोय. ते मग म्हणाले, "तुला जे लिहायचं असंल ते लिही की त्याला, बाई. मी काय वाचायला मागत न्हाई."

मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. तुला कळवते, एवढंच.

ये. अट घालू नकोस.

तुझी अव्वा


बसवकल्याण
गुरुवार, २० मार्च २००८

श्रीशैल,

मागच्या पत्रात मी कारणांची यादी दिली. तीत एक कारण नव्हतं. ते लिहिते.

काल दुपारी ताप उतरला होता. अप्पा म्हणाले, मला मशीनसमोर बसव. मी नको म्हटलं. ते ऐकेनात. लिंगराजला हाक मारली. बसस्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तो आणि तू बीदरला पॉलिटेक्निकात बरोबर होतात. त्यानं त्यांना धरून खुर्चीत बसवलं, पाठीला दोन उशा लावल्या आणि तो दुकानाकडे गेला. मला त्यांनी पाठ करून बसायला सांगितलं. अर्जनवीस आहेत, लोकांचं खासगी लिहितात, ही सवय मला माहीत आहे. मी पाठ करून वाती वळत बसले.

बटणांचा आवाज फार हळू येत होता. एक, मग थांबून एक. ते पूर्वी बोलता बोलता टाइप करायचे. मी घड्याळ पाहिलं नाही. सेव्ह करा, असं मी म्हणायला हवं होतं. ते नेहमी दहाव्या मिनिटाला स्वतः करायचे, म्हणून म्हटलं नाही. मग पंख्याचा आवाज एकदम थांबला. मी वळून पाहिलं तर पडदा काळा आणि त्यांची बोटं अजून बटणांवर.

मी विचारलं, काय लिहीत होतात.

"अर्ज व्हता, बाई," ते म्हणाले. "नामंजूर झाला."

पुन्हा सुरू करू का म्हटलं, तर नको अशी मान हलवली. त्यांना पलंगावर मी एकटीनं नेलं. इतके हलके झाले आहेत.

तो अर्ज तुला होता. मी एकच ओळ पाहिली, मशीन लावून दिल्यावर पाठ करण्याआधी टाइप झालेली. "चि. श्रीशैल यास" एवढी. पुढचं गेलं. माझ्यामुळे गेलं.

आता सरळ लिहिते. २००३ च्या आयुधपूजेनंतर तू कमिटीला जुळवून द्यायच्या दहा मशीनच्या भागांची चौकशी करायला सिकंदराबादला गेला होतास. अप्पा तहसीलला होते. मी पुढची खोली झाडत होते. मागच्या जाळीतून पंख्याच्या पात्यावर विभूती दिसली. मला राग आला. दहा दिवसांनी माझी कमिटी हीच मशीन बघायला येणार होती, तिचे प्रमुख वीरण्णा यांना मीच बोलावलं होतं. यंत्राच्या आत राख घेऊन सायन्सच्या शिक्षिकेनं त्यांच्यासमोर उभं राहायचं, हे मला सहन झालं नाही. मी बाजूचे दोन स्क्रू काढले. पंखा पुसला. पंख्याखाली पट्ट्यापट्ट्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा होता, त्याच्या कडेलाही पांढरट काही दिसलं. दोन खिट्ट्या उचलल्यावर ठोकळा वर आला. खाली प्रोसेसरच्या चकचकीत पत्र्यावर करड्या पांढऱ्या रंगाचा थर होता, कडेला वाळलेला. मी समजले, विभूती इथपर्यंत उतरली.

शाळेच्या प्रयोगशाळेत काच पुसतात तसं कापूस आणि स्पिरिट घेऊन मी दोन्ही बाजू पुसल्या. आरसा दिसेपर्यंत पुसल्या. मग ठोकळा जागेवर बसवला, खिट्ट्या दाबल्या, स्क्रू लावले. मला फार बरं वाटलं.

विभूती बोटाला कोरडी लागते. हे चिकट होतं. गुलबर्ग्याला मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, झिंक ऑक्साइडचं मलम मला बोटानं ओळखता येतं. पुसताना एकदा मनात आलं होतं की हे भस्म नाही. तरी पुसलं, कारण तोपर्यंत दोष तुझ्या अप्पांचा ठरवून झाला होता.

त्यानंतर मशीन तापू लागली. पुढचं तुला माहीत आहे. वीरण्णा आणि कमिटीचे दोघे इथे खुर्च्यांवर बसलेले असताना ती बंद पडली. तू त्यांच्यासमोरच ठोकळा काढलास आणि माझ्याकडे बघून विचारलंस, "अव्वा, हितली पेस्ट कुनी पुसली?"

पेस्ट हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ऐकताक्षणी सगळं समजलं. ती दोन धातूंमधली फट भरते, तिच्यातून उष्णता ठोकळ्यात जाते, ती नसेल तर मध्ये हवा राहते आणि हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. हे मी आठवीला शिकवते. वीरण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "कुनीबी हात लावला न्हाई."

अप्पांनी माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणून ते तुला म्हणाले, "म्हंजे तूच लावली न्हाईस. आन् आता घरच्यावर ढकलायलास. वीरण्णा, याच्याच्यानं व्हायचं न्हाई हे काम, दुसरा बघा." हैदराबादहून पेस्ट आणली की अर्ध्या तासाचं काम आहे, असं तू दोनदा सांगितलंस. त्यांनी तुला मशीनला हात लावू दिला नाही. शाळेचं काम गेलं. गावात तू करणार होतास तो धंदाही तिथेच बुडाला.

मी दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. त्या दिवशी बोलले नाही, आणि मग रोज ते अवघड होत गेलं.

मशीन तू नीट बांधली होतीस. अप्पांनी म्हणायचं ते मी म्हणते. हा कागद कुणालाही दाखव, वीरण्णांनाही दाखव.

त्यांना आज संध्याकाळी सांगीन. तू लगेच नीघ. पत्र स्पीड पोस्टनं टाकते आहे.

अव्वा


बसवकल्याण
बुधवार, २६ मार्च २००८

श्रीशैल,

तू काल रात्रीच्या बसनं गेलास. माझं वीस तारखेचं पत्र तुझ्या खोलीच्या दाराखाली पडलेलं असेल. आज दुपारी तू ते वाचशील. होळीची सुट्टी मध्ये आली नसती तर तू बेंगळूरहून निघण्याआधी ते पोचलं असतं. ही सबब नाही, तारखा लिहिते आहे.

गुरुवारी संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं नाही. ते जागे होते. मी पलंगाजवळ स्टूल घेऊन बसले, तर ते माझ्याकडे वळून वाट बघितल्यासारखे राहिले. मी थर्मामीटर लावला. १०२. औषध दिलं. उद्या सांगू म्हटलं. शुक्रवारी ते गुंगीत होते. शनिवारी सकाळी उशी उंच करायला सांगितलं नाही, तेव्हा मला कळलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी गेले. फोन लिंगराजनं केला, म्हणून तू तो ठेवला नाहीस.

तू पोचेपर्यंत रविवारी आम्ही थांबलो. रुद्रभूमीत समाधीच्या खड्ड्यात त्यांना बसवताना विभूती तूच लावलीस. मी बघत होते. तुझा हात अगदी त्यांच्यासारखा फिरला, तीन बोटं, एका दमात.

सोमवारी तू स्वयंपाकघरात आलास. घरात दुसरं कुणी नव्हतं. तू पाटावर बसलास आणि विचारलंस, "शेवटपर्यंत म्हनले न्हाईत ना, अव्वा?"

मी म्हटलं, "च्या घे."

कागदावर लिहून झालं होतं. पोस्टात पडलं होतं. तू समोर बसला होतास, आणि मी दूध ओतत होते. तोंडानं सांगायची ती एकच वेळ होती. माझ्या हातात कप होता, तो मी तुझ्यापुढे ठेवला.

हे क्षमेसाठी लिहीत नाही. तू पत्र वाचल्यावर तुझ्या मनात येईल की अव्वाला तेव्हा माहीत होतं आणि ती गप्प बसली. बरोबर आहे. तसंच झालं.

हेमावती


बसवकल्याण
रविवार, १३ एप्रिल २००८

श्रीशैल,

तुझी चिठ्ठी लिंगराजनं आणून दिली. "मशीन लिंगराजकडे द्या. तो बेंगळूरला येतोय. बाकी काही लिहू नका." सामानाच्या यादीपुरतं लिहावंच लागेल. नंतर लिहिणार नाही.

लिंगराज काल न्यायला आला. मी म्हटलं, आधी पेस्ट आणून दे, बिघडलेली वस्तू मी देणार नाही. तो मग म्हणाला, "अक्का, पेस्ट घरातच हाय. अप्पांच्या टाइपरायटरच्या पेटीत बघा."

झाकणाच्या आतल्या कप्प्यात होती. बोटाएवढी ट्यूब, सील न फोडलेली.

मी त्याला बसवलं आणि सगळं सांगायला लावलं. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या बहिणीकडे अफजलपूरला आठ दिवस गेले होते. तेव्हा अप्पांनी मशीन रिक्षात घालून त्याच्या दुकानात नेली. त्यानं ठोकळा काढून दाखवला. म्हणाला, पेस्ट लावलेली होती, प्रोसेसरच्या चौकटीच्या खाचेत तिची कड अजून आहे. मधली कुणीतरी पुसली आहे, आणि खिट्टीत कापसाचे तंतू अडकले आहेत. अप्पांनी ते तंतू चिमटीत धरून उजेडात पाहिले. म्हणाले, "इतकं चकचकीत पुसनारं आमच्या घरात एकच मानूस हाय."

लिंगराजनं लगेच पेस्ट लावून देतो म्हटलं. त्यांनी ट्यूब खिशात घातली. "आता नको. ज्यानं पुसली त्यानंच लावू दे. घरी बोलू नको."

त्यानंतर दोन वर्षं ते दहा मिनिटं टाइप करून अर्धा तास थांबत राहिले. मी शेजारच्या खोलीत असायचे. ते वाट बघत होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी तुला त्याच दिवशी बोलावलं असतं. माझ्याशिवाय त्यांना ते करायचं नव्हतं. हे चूक की बरोबर, मला ठरवता येत नाही.

म्हणजे तुझी अट त्यांना मान्यच होती. मी ती त्यांना वाचून दाखवली नाही.

खाली सामान लिहिते. लिंगराजसमोर तपासून दिलं आहे.

१. कॅबिनेट, बाजूच्या पानासह. दोन्ही स्क्रू आहेत. आतली विभूती काढलेली नाही.

२. मॉनिटर, पंधरा इंची.

३. कीबोर्ड. त्यावरचं "म" आणि "अ" पुसलेले आहेत. जुनं आहे, माझं काम नाही.

४. हार्ड डिस्क, आत बसवलेली. एकूण ६१२ अर्ज. वारस, रेशनकार्ड, बोअरवेल, पेन्शन. तुझ्या नावाचा एकही नाही. मी तीन दिवस शोधला.

५. कॅलेंडरं पाच, तापमान लिहिलेली.

६. टेबलफॅन दिला नाही. त्याची आता गरज नाही.

७. पेस्टची ट्यूब, एक. सील फुटलेलं. काल दुपारी साडेतीनला लिंगराजनं सांगितलं तशी ज्वारीच्या दाण्याएवढी मी स्वतः लावली, खिट्ट्या मी दाबल्या. मशीन संध्याकाळी पावणेआठपर्यंत सलग चालली. तापमान ५१. बाराव्या मिनिटाला मी खोलीतच होते.

देणार: हेमावती
घेणार: लिंगराज, सही
पुसणार: हेमावती